बॉनेटवर नाव नसलेली माणसे



गाडीच्या डॅशबोर्डवर पेट्रोलच्या काट्याजवळ पंपाचे एक छोटे चित्र असते आणि बहुतेक गाड्यांत त्या चित्राला लागून एक इवलासा त्रिकोणी बाण असतो. टाकीचे झाकण ज्या बाजूला, त्या बाजूकडे त्याचे टोक. भाड्याची किंवा मित्राची गाडी घेऊन पंपावर जाणाऱ्याला त्याचा फार उपयोग होतो. तरीही वर्षानुवर्षे गाडी चालवणाऱ्या कितीतरी जणांच्या तो नजरेत भरलेला नसतो. हा बाण फोर्ड कंपनीतल्या जिम मॉयलन नावाच्या माणसाला सुचला. १९८६ साली भर पावसात तो कंपनीची गाडी घेऊन पेट्रोल भरायला गेला. टाकी नेमकी पलीकडच्या बाजूला निघाली आणि या खटाटोपात तो भिजला. परत येऊन त्याने वरिष्ठांना एक टिपण लिहिले: काट्याशेजारी बाजू दाखवणारी खूण असावी. १९८९च्या सुमारास फोर्डच्या गाड्यांत बाण दिसू लागला आणि मग जगभरच्या कंपन्यांनी तो घेतला. मॉयलनने त्यावर पेटंट घेतले नाही. तो बाण कोणाचा, हे कित्येक वर्षे कोणी विचारलेही नाही.

मोटारींचे वेड असलेल्या माणसांच्या गप्पांमध्ये अशा गोष्टींचा खजिना असतो. कुठल्या गाडीचा पहिला गिअर उलटा पडतो, कुठल्या गाडीत छत्री ठेवायला दारातच कप्पा आहे, कोणत्या राजाने कुठली गाडी मागवली, यावर हे लोक तासन्‌तास बोलू शकतात. घरच्यांना हे रिकामटेकडे बोलणे वाटते. आजच्या व्याख्यानाचे म्हणणे नेमके उलट आहे. मोटारीचा खरा इतिहास या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींतच जास्त सापडतो. बॉनेटवर बेंझ, फोर्ड, रोल्स, टाटा अशी मालकांची नावे झळकतात. आत बसल्यावर हाताला लागणाऱ्या बहुतेक सोयी मात्र कुणीतरी अडल्यावर, भिजल्यावर, घाबरल्यावर सुचलेल्या आहेत. त्या माणसांची आठवण काढणे हे स्मृतिव्याख्यानाला शोभणारे काम आहे.

सुरुवात बर्था बेंझपासून करावी लागते. कार्ल बेंझने २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तो दिवस मोटारीचा जन्मदिवस मानला जातो. पण त्या यंत्राला गिऱ्हाईक मिळेना. कार्ल स्वभावाने भिडस्त. गाडीत अजून काहीतरी सुधारायचे राहिले आहे, असे त्याला कायम वाटे. त्याच्या कारखान्यात बर्थाच्या माहेरचा पैसा लग्नाआधीपासून गुंतलेला होता. ऑगस्ट १८८८ मध्ये एके दिवशी पहाटे, नवरा झोपेत असताना, तिने ऑयगेन आणि रिचर्ड या दोन किशोरवयीन मुलांना बरोबर घेतले, गाडी बाहेर काढली आणि मानहाइमहून फोर्झहाइमला, आपल्या माहेरी, निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडे वर. तोपर्यंत मोटार चालली होती ती कारखान्याच्या आसपास, जवळच्या रस्त्यांवर. एवढ्या लांबचा प्रवास जगात कोणीच केलेला नव्हता.

त्या प्रवासात जे घडले ते कोणत्याही मिस्त्रीला ओळखीचे वाटेल. इंधन संपत आले, पंप तर अस्तित्वातच नव्हते. वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून तिने लिग्रोइन विकत घेतले. हे कपड्यांवरचे डाग काढायला वापरले जाणारे द्रव्य होते, आणि बेंझचे इंजिन त्यावर चाले. ते दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून ओळखले जाते. इंधनाची नळी तुंबली तेव्हा तिने टोपीला लावायच्या लांब पिनेने ती मोकळी केली. प्रज्वलनाची तार उघडी पडून धोका निर्माण झाला, तेव्हा मोज्याच्या बंदाने ती गुंडाळली. साखळी सैल झाली, ती लोहाराकडून ठीक करून घेतली. उतारावर लाकडी ब्रेक झिजून निकामी व्हायला लागले, तेव्हा वाटेतल्या चांभाराकडून तिने त्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकच्या अस्तराची सुरुवात या चामड्यापासून मानतात. चढावर गाडी दम टाकत होती, मुले उतरून ढकलत होती. संध्याकाळी फोर्झहाइमला पोहोचल्यावर तिने नवऱ्याला तार केली. परत आल्यावर तिने चढासाठी आणखी एक गिअर हवा असे सांगितले आणि बेंझने तो बसवला.

म्हणजे पहिली रस्त्यावरची चाचणी, पहिली वाटेतली दुरुस्ती आणि ग्राहकाची पहिली तक्रार, या तिन्ही गोष्टी एका गृहिणीच्या नावावर जमा आहेत. तिच्या मार्गाला आता जर्मनीत अधिकृत स्मृतिमार्गाचा दर्जा आहे, पण तो मिळायला २००८ साल उजाडावे लागले.

दुसरी स्त्री अमेरिकेची. अलाबामा राज्यातली मेरी अँडरसन १९०२-०३च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेली होती. बर्फाळ पाऊस पडत होता, आणि ट्रामचा चालक पुढची काच उघडून, गारठ्यात तोंड बाहेर काढून ट्राम हाकत होता, कारण काचेवर साचलेले पुसायला साधनच नव्हते. तिने आतून दांडा फिरवून काच पुसता येईल अशा रबरी पट्टीची रचना केली आणि नोव्हेंबर १९०३ मध्ये पेटंट मिळवले. १९०५ साली एका कॅनेडियन कंपनीला तिने ते देऊ केले. त्यात धंद्याच्या दृष्टीने दम नाही, असे उत्तर आले. १९२० मध्ये पेटंटची मुदत संपली आणि त्यानंतर लवकरच वायपर ही गाडीची नेहमीची वस्तू झाली. मेरीला त्यातून काहीही मिळाले नाही. जूनमध्ये वरंधा किंवा आंबा घाटातून गाडी काढणाऱ्याने तिचे नाव एकदा तरी घ्यायला हवे.

वायपरची गोष्ट तिथे संपत नाही. मोटारीच्या इतिहासातले सगळ्यात चमत्कारिक प्रकरण याच पट्टीचे आहे. विजेची मोटर बसवणे महाग होते म्हणून अनेक वर्षे वायपर इंजिनच्या ओढीवर, म्हणजे निर्वात दाबावर चालत. इंजिन हवा आत ओढते, त्याच ओढीने वायपर हलायचा. पण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती ओढ कमी होते. म्हणून चढावर, जिथे काच स्वच्छ हवी तिथे, वायपर मरगळायचा आणि उतारावर सपासप फिरायचा. चालक चढावर मधूनच पाय उचलून काच पुसून घेत. फ्रान्सच्या सित्रोएनने आपल्या टू सीव्ही या गाडीत आणखी निराळा मार्ग काढला. वेगदर्शक काट्याच्या केबललाच वायपर जोडला. गाडी जितकी वेगात तितका वायपर वेगात. गाडी थांबली की हाताने फिरवायचा. शेतकऱ्यांसाठी बनवलेली ही गाडी होती. नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली घेऊन गेले तरी अंडे फुटता कामा नये, ही तिच्या आराखड्यातली अट होती. पैसा कुठे वाचवायचा आणि कुठे अजिबात वाचवायचा नाही, याचा इतका नीट विचार फार थोड्या गाड्यांत दिसतो. महायुद्धाच्या काळात तिचे नमुने जर्मनांच्या हाती लागू नयेत म्हणून लपवून ठेवले होते. त्यातले तीन तर १९९० च्या दशकात जुन्या इमारतीच्या माळ्यावर सापडले.

आणि मग रॉबर्ट कर्न्स. डेट्रॉइटकडच्या या अभियंत्याच्या डाव्या डोळ्याला १९५३ साली, लग्नाच्या रात्री, शॅम्पेनच्या बाटलीचे बूच लागले आणि त्या डोळ्याची दृष्टी गेली. पुढे रिमझिम पावसात गाडी चालवताना सतत हलणारा वायपर त्याला त्रास देई. पापणी जशी थांबून थांबून मिटते तसा वायपर का चालू नये, हा त्याचा प्रश्न. त्याने इलेक्ट्रॉनिक मंडल बनवले, १९६४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, फोर्डच्या लोकांना ते दाखवले. कंपनीने त्याच्याशी करार केला नाही, पण थांबून चालणारे वायपर मात्र काही वर्षांत गाड्यांवर आले. कर्न्सने १९७८ मध्ये फोर्डवर आणि १९८२ मध्ये क्रायस्लरवर दावा लावला. नंतर तर तो स्वतःच आपली बाजू मांडायला उभा राहू लागला. या लढ्यात त्याची प्रकृती ढासळली, संसार मोडला. १९९० मध्ये फोर्डने सुमारे एक कोटी दोन लाख डॉलर देऊन वाद मिटवला, क्रायस्लरकडूनही पुढे मोठी रक्कम मिळाली. त्याला पैशापेक्षा ही कल्पना आपली आहे एवढे मान्य करून हवे होते. श्रावणातल्या भुरभुर पावसात आपण ज्या दांडीला एक खटका देऊन मोकळे होतो, तिच्यामागे एका माणसाचे अर्धे आयुष्य गेले आहे.

काच धुण्याच्या पाण्याचीही एक गंमत आहे. जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये पाण्याच्या फवाऱ्याला पंप नसे. पुढच्या डिकीत ठेवलेल्या स्टेपनीतली हवा एका नळीने पाण्याच्या टाकीला जोडलेली असे. त्या हवेच्या दाबाने पाणी काचेवर उडायचे. स्टेपनी पूर्णच बसू नये म्हणून दाब ठरावीक पातळीखाली गेला की एक झडप रस्ता बंद करी. युद्धोत्तर काळात दोन कोटींहून अधिक खपलेल्या गाडीत एक मोटर वाचवण्यासाठी इतका विचार केला जात होता.

आता सुरक्षेकडे येऊ. इथे माणसांची नावे अधिक महत्त्वाची आहेत, कारण त्यांच्यामुळे जीव वाचले.

कमरेवरून आणि खांद्यावरून जाणारा, एका हाताने लावता येणारा पट्टा व्होल्वोच्या निल्स बोलिनने तयार केला. व्होल्वोत येण्याआधी तो साब कंपनीत लढाऊ विमानांच्या आसनांवर काम करत होता, ज्यातून वैमानिकाला संकटात बाहेर फेकले जाते. माणसाच्या शरीराला किती जोराचा हिसका सोसतो आणि तो कुठे बसला तर हाड मोडत नाही, हे त्याला ठाऊक होते. पोटावर येणारा नुसता पट्टा आतल्या अवयवांना इजा करतो. म्हणून त्याने ओढ छातीच्या फासळ्या आणि कमरेच्या हाडावर वाटून दिली आणि दोन्ही पट्टे आसनाच्या एका बाजूला, खाली एकत्र आणले. १९५९ मध्ये हा पट्टा गाड्यांत आला. व्होल्वोने त्याचे पेटंट इतर कंपन्यांना खुले ठेवले. मोटारउद्योगात एवढा मोठा निर्णय दुसरा क्वचितच झाला असेल.

पण पट्टा असणे आणि तो लावणे यांत केवढे अंतर आहे, हे ल माँच्या शर्यतीने दाखवले. फ्रान्समधल्या या २४ तासांच्या शर्यतीची सुरुवात पूर्वी मोठी देखणी असे. गाड्या रस्त्याच्या एका कडेला तिरक्या उभ्या, चालक समोरच्या कडेला. झेंडा पडला की चालक धावत रस्ता ओलांडायचे, उडी मारून गाडीत बसायचे आणि सुटायचे. पोर्शच्या गाड्यांत किल्लीची जागा स्टिअरिंगच्या डावीकडे असते, आणि त्याचे कारण म्हणून हीच सुरुवात सांगितली जाते: डाव्या हाताने किल्ली फिरवायची, त्याच क्षणी उजव्या हाताने गिअर टाकायचा. या घाईत पट्टा लावायला वेळ कुणाकडे असणार? चालक पहिली फेरी पट्ट्याशिवायच मारत आणि नंतर कधीतरी, तीनशे किलोमीटरच्या वेगात, गुडघ्यांनी स्टिअरिंग सांभाळत पट्टा ओढून घेत.

१९६९ साली बेल्जियमच्या जॅकी इक्सने याला नकार दिला. झेंडा पडला, सगळे धावले आणि इक्स शांतपणे चालत आपल्या फोर्ड जीटी-४० पर्यंत गेला. आत बसला, पट्टा नीट बांधला आणि सगळ्यांच्या मागून निघाला. त्याच पहिल्या फेरीत जॉन वूल्फ या ब्रिटिश चालकाची पोर्श उलटली. त्याने पट्टा लावलेला नव्हता. तो गाडीबाहेर फेकला जाऊन ठार झाला. पुढचे चोवीस तास इक्स आणि त्याचा जोडीदार जॅकी ऑलिव्हर मागून पुढे सरकत राहिले. शेवटच्या फेऱ्यांत इक्स आणि पोर्शचा हान्स हरमान एकमेकांना ओलांडत होते. जवळजवळ पाच हजार किलोमीटर धावल्यानंतर इक्स जिंकला, तो सव्वाशे मीटरपेक्षाही कमी अंतराने. सुरुवातीला चालत जाण्यात घालवलेले सेकंद त्याला महाग पडले नाहीत. पुढच्या वर्षीपासून चालक पट्टे बांधून गाडीतच बसून सुरुवात करू लागले.

हे सगळे दूरदेशीचे वाटू नये. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा हा नियम आधीपासून होता. मुंबईत त्याची कडक अंमलबजावणी जाहीर झाली ती त्या अपघातानंतर. गाडी तीच, पट्टा तोच, आणि तो समोर असूनही आपण हात पुढे करत नाही. बोलिनचे काम १९५९ मध्येच पूर्ण झाले होते, उरलेले काम आपले आहे.

राल्फ टीटरचा उल्लेख थोडक्यात पण आवर्जून करायला हवा. पाचव्या वर्षी अपघातात दृष्टी गेलेला हा अमेरिकी अभियंता. त्याचा वकील गाडी चालवताना बोलू लागला की वेग कमी करी आणि ऐकू लागला की वाढवी. मागेपुढे बसणाऱ्या त्या हिसक्यांना कंटाळून टीटरने वेग एकसारखा ठेवणारी यंत्रणा बनवली. १९५८ मध्ये ती क्रायस्लरच्या गाड्यांत आली आणि आज आपण तिला क्रूझ कंट्रोल म्हणतो. ज्याला रस्ता दिसतच नव्हता, त्याच्या अंगाला वेगातला फरक सर्वांत जास्त जाणवत होता.

विजेच्या गाड्यांवर आज मोठी चर्चा चालते. चाकण-पिंपरीच्या कारखान्यांतून त्या बाहेर पडत आहेत आणि त्यांच्याकडे नवलाईने पाहिले जाते. पण जमिनीवर ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी पहिली मोटार विजेचीच होती. २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळ कामिय जेनात्झी या बेल्जियन चालकाने ‘ला जामे कोंतांत’ नावाच्या, पाणतीरासारख्या आकाराच्या गाडीतून ताशी १०५.८८ किलोमीटरचा वेग गाठला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या श्रीमंत घरांतील स्त्रिया विजेची गाडी पसंत करत. धूर नाही, आवाज नाही, आणि मुख्य म्हणजे हँडल मारावे लागत नाही. पेट्रोलच्या इंजिनचे हँडल उलटे फिरून मनगट मोडणे ही त्या काळातली नेहमीची दुखापत होती. पेट्रोलवरच्या मॉडेल टी गाडीने जग व्यापणाऱ्या हेन्री फोर्डची पत्नी क्लारा स्वतः ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ चालवत असे. १९१२ मध्ये कॅडिलॅकने चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर बसवला, हँडलची गरज संपली आणि विजेच्या गाडीचे मोठे आकर्षण नाहीसे झाले. विजेच्या गाडीची पीछेहाट विजेच्याच एका छोट्या मोटरने केली.

रोल्स-रॉइसच्या बॉनेटवर पुढे झुकलेली, वाऱ्यावर वस्त्र फडकणारी एक स्त्री असते. १९११ मध्ये चार्ल्स साइक्स या शिल्पकाराने ती घडवली. या शिल्पासाठी उभी राहिली ती एलिनॉर थॉर्नटन, असे मानले जाते. मोटारींचे मासिक चालवणाऱ्या लॉर्ड माँटेग्यू यांची ती सचिव होती आणि दोघांचे एकमेकांवर प्रेम होते. माँटेग्यू विवाहित असल्याने ते उघडपणे बोलले गेले नाही. पहिल्या महायुद्धात भारतातल्या सैन्याच्या मोटारवाहतुकीसाठी सल्लागार म्हणून माँटेग्यू यांची नेमणूक झाली आणि डिसेंबर १९१५ मध्ये दोघे ‘पर्शिया’ या पी अँड ओ कंपनीच्या बोटीने निघाले. बोट मुंबईला येत होती. ३० डिसेंबरला, भर दुपारी, क्रीट बेटाच्या दक्षिणेला जर्मन पाणबुडीचा पाणतीर तिला लागला आणि काही मिनिटांत ती बुडाली. तीनशेहून अधिक माणसे गेली, त्यांत एलिनॉरही. माँटेग्यू एका मोडक्या होडीच्या आधाराने तरंगत राहिले आणि वाचले. इंग्लंडमध्ये त्यांच्या मृत्यूची बातमी छापूनही आली होती. कपूरथळ्याचे महाराज जगतजित सिंह याच बोटीने येणार होते, पण ते मार्सेयला उतरले. त्यांचे जडजवाहीर मात्र बोटीबरोबर तळाशी गेले. मुंबईच्या धक्क्यावर ती बोट लागली असती, तर त्या पुतळीमागची स्त्री बॅलार्ड पिअरच्या आसपास कुठेतरी उतरली असती. आज मुंबईच्या रस्त्यावर एखादी रोल्स-रॉइस दिसली की तिच्या किमतीची चर्चा होते, एलिनॉरची होत नाही.

संस्थानिकांच्या आणि हौशी श्रीमंतांच्या गाड्यांवर पुष्कळ बोलले गेले आहे. कोलकात्यातल्या मॅथ्यूसन नावाच्या ब्रिटिश माणसाने १९१० मध्ये हंसाच्या आकाराची मोटार बनवून घेतली होती; तिच्या चोचीतून गरम पाण्याचा फवारा उडे. ती आता नेदरलँड्समधल्या लाउमन संग्रहालयात आहे. आपल्याकडे मात्र एक गाडी अजून आपल्या जागी टिकून आहे. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक शाही दसऱ्याला बाहेर निघते आणि दसरा चौकात हजारो लोक ती पाहतात. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये रोल्स-रॉइसच्या सांगाड्यावर बांधलेली चिलखती गाडीही आहे. मोटारींचे वेड असलेल्या प्रत्येकाने या दोन्ही गोष्टी एकदा तरी पाहाव्यात.

खरे दुःख आपल्या सामान्य गाड्यांचे आहे. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यातून आधी अमेरिकी बनावटीच्या गाड्या आणि मग फियाट निघू लागल्या. पन्नाशीच्या दशकातल्या फुगीर नाकाच्या फियाटला लोकांनी ‘डुक्कर फियाट’ म्हटले आणि तिचे पुढचे दार उलट्या बाजूने उघडे, याचे पोरांना केवढे अप्रूप! १९६४ पासून आलेली फियाट ११०० पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा हँडल गिअर, पुढे एकसंध बाकडे. कोलकात्याने टॅक्सीसाठी अ‍ॅम्बॅसेडर घेतली, मुंबईने पद्मिनी. डाव्या बाजूला बाहेर बसवलेले मीटर टॅक्सीवाला हाताने पाडायचा आणि तो खळ्ळकन आवाज आला की प्रवास सुरू झाला. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे रस्त्यावरून गेली. निदान एक तरी जतन करा, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने केली होती. ती मागणी चालकांनाच करावी लागली, याची खंत वाटते.

इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांची गोष्ट तर फार थोड्यांना माहीत आहे. त्यांनी १९४९ मध्ये आपली पहिली छोटी मोटार तयार केली. पुढे पंचवीस वर्षे ते तिच्यात सुधारणा करत राहिले. ‘मीरा’ नावाच्या या गाडीचे इंजिन मागे होते आणि १९७५ च्या सुमारास ती बारा हजार रुपयांच्या आसपास देता येईल असा त्यांचा हिशोब होता. सामान्य कुटुंबाला परवडेल अशी गाडी, इथल्या माणसाने, इथल्या वस्त्रनगरीत बनवलेली. सरकारी परवाने आणि भांडवल यांच्या अडथळ्यांपुढे ती उत्पादनापर्यंत पोहोचली नाही.

त्यानंतर तीन दशकांनी, १० जानेवारी २००८ रोजी, टाटा नॅनो दिल्लीत लोकांपुढे आली. तिची बरीचशी घडण पुण्यात झाली. पावसात स्कूटरवर भिजत चाललेले एक कुटुंब पाहून ही कल्पना सुचल्याचे रतन टाटा सांगत. इथेही पाऊसच. तिच्यातली काटकसर अभ्यासण्यासारखी आहे: चाकाला चारऐवजी तीन नट, एकच वायपर, पेट्रोल भरायचे झाकण पुढच्या बॉनेटखाली आणि दोन सिलिंडरचे ६२४ सीसीचे इंजिन मागे. सुरुवातीच्या नॅनोची मागची डिकी बाहेरून उघडतच नसे. पुढची चाके मागच्यापेक्षा अरुंद होती, कारण वजन मागे होते. नॅनो बाजारात फार टिकली नाही. पण स्वस्त या एका शब्दावर तिचा निकाल लावणे अन्यायाचे आहे. इतक्या काटेकोरपणे वजन आणि खर्च तोलणारी गाडी बनवणे हे मोठे अभियांत्रिकी काम होते आणि टू सीव्हीला जो मान फ्रान्समध्ये मिळतो, तो नॅनोला आपल्याकडे मिळायला हवा.

नंबरप्लेटवरची कलाही अशीच चालली आहे. २१४ हे आकडे जरा वळवून ‘राम’ आणि ४१४१ वळवून ‘दादा’ लिहिण्याची हौस महाराष्ट्रात कोण जाणे किती जणांनी केली. ती बेकायदेशीर आहे आणि तसे लिहू नये. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना आणि पुढे जुन्यांनाही कारखान्यात ठसा उमटवलेली पाटी सक्तीची झाल्याने ती हौस आता संपेल. तिचे फोटो मात्र कुणीतरी जमवून ठेवायला हवेत, कारण लोकांच्या अक्षरवळणाचा तो एक खास नमुना आहे.

म्हणून सभागृहातल्या सर्वांना एक विनंती. घरात वडिलांच्या, आजोबांच्या गाडीचे आरसी बुक, सर्व्हिस मॅन्युअल, गॅरेजची बिले, गाडीशेजारी उभे राहून काढलेले फोटो असतील, तर रद्दीत घालू नका. फोटोच्या मागे गाव, साल आणि गाडीचा नंबर लिहा. शहरात पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसेडर दुरुस्त करणारे जुने मिस्त्री अजून आहेत. कार्ब्युरेटर आवाजावरून लावणारी, पार्ट मिळेना म्हणून लेथवर स्वतः तयार करणारी ही माणसे आहेत. त्यांच्याकडे वही किंवा फोन घेऊन बसा, त्यांनी काय काय जुळवले ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या, त्यांचे नाव आणि गॅरेजचा पत्ता त्यांच्या परवानगीने लिहा. ते टिपण आपल्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात द्या. हे काम पुढच्या दोन-चार वर्षांत झाले नाही, तर नंतर विचारायला ती माणसे असणार नाहीत.